आरएमएसडीच्या आकड्यावर लगेच भुलू नकोस

आरएमएसडी म्हणजे दोन प्रथिन-रचना एकमेकींवर जुळवल्यावर जोडीतले अणू सरासरी किती लांब राहतात, त्याचं माप. आधी ई. कोलाय जीवाणूच्या अ‍ॅडेनिलेट कायनेज या प्रथिनावर हात बसव. पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातली १एकेई (1AKE) ही त्याची मिटलेली रचना, ४एकेई (4AKE) उघडी. दोन्हींतली फक्त ए साखळी ठेव, पाणी आणि लिगँड (प्रथिनाला चिकटलेला छोटा रेणू) काढून टाक. सगळे २१४ अल्फा-कार्बन (प्रत्येक अमिनो आम्लातला मधला कार्बन) एकदम जुळवलेस तर आरएमएसडी ७ अँगस्ट्रॉमच्या आसपास जाईल. तरी घडी, म्हणजे साखळी दुमडण्याची एकूण ठेवण, तीच आहे. फक्त झाकण (अमिनो आम्लं १२२–१५९) आणि न्यूक्लिओटाइड धरणारा एनएमपी भाग (३०–५९) सरकलेत. म्हणून उरलेल्या गाभ्यावर जुळव, मग सरकणं मोज.

पायमॉल या रचना बघायच्या सॉफ्टवेअरची ‘अलाइन’ ही जुळवायची आज्ञा मात्र लबाड: ५ फेऱ्यांत न जुळणारे अणू गुपचूप वगळतं आणि आकडा गोंडस दिसतो. ‘सायकल्स’ ० ठेव, किती अणू धरले तेही लिही. लांबी वेगळी असेल तर टीएम-स्कोअर (घड्या किती सारख्या, ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) बघ, ०.५ च्या वर बहुधा घडी एकच. तो कुठल्या साखळीच्या लांबीने भागलाय, हे तपास.