बोनस दिवाळीला, ईद मार्चात

हातात पैसा नसताना सण कसा करायचा, याबद्दल सोलापूर परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे इथे घेतली आहेत. चारही वाचक हनफी (सुन्नी मुस्लिमांच्या चार मतांपैकी एक) आहेत, म्हणून धर्माचे नियमही त्याच मताचे दिले आहेत.

मी बिड्या वळते, घरचे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. बोनस दिवाळीला मिळतो आणि ईदपर्यंत संपतो. दर वर्षी उसने काढावे लागतात. काय करावे? – बिडी कामगार, कुंभारी

ताई, तुमचा खर्च वाजवीच आहे, अडचण तारखांची आहे. 2024 ची दिवाळी 1 नोव्हेंबरला झाली आणि पुढची रमजान ईद 31 मार्च 2025 ला आली. मध्ये पाच महिने गेले. त्यात रमजानमध्ये कमाईही घटते. दुपारनंतर उपाशीपोटी हात मंदावतो आणि उन्हात पाला लवकर सुकून वळताना फाटतो. म्हणून रोजच्या हजार बिड्यांच्या जागी सात-आठशेच होतील असे धरून हिशेब मांडा. मग तूट महिनाभर आधी दिसते, चाँदरातीला नाही.

चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणजे 50 आठवडे आणि वर चार दिवस. आठवड्याच्या पगारातून 100 रुपये काढले तर ईदपर्यंत 5,000 होतात. भिशी लावणार असाल तर ती चाँदच्या महिन्यांवर चालवा आणि आपला नंबर शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, घ्या. इंग्रजी महिन्यांची भिशी इथेच दगा देते. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे या वर्षी वेळेवर मिळालेला नंबर दोन-तीन वर्षांनी ईद उलटून गेल्यावर लागतो.

खारीक, खोबरे, शेवया शाबानमध्येच घेऊन ठेवा. दहा माणसांच्या शिरखुर्म्याला दूध 2 लिटर, बारीक शेवया 100 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, खारीक 100 ग्रॅम, सुके खोबरे 50 ग्रॅम आणि तूप 50 ग्रॅम पुरते. चारोळी महाग, तिच्या जागी मगज बी चालते. खारीक रात्रभर भिजवून, चिरून, तुपात परता आणि दूध आटून आच बंद केल्यावर घाला. कच्ची खारीक उकळत्या दुधात पडली तर दूध फाटण्याची भीती असते, आणि दोन लिटर दूध गेले तर सणाचा निम्मा खर्च गेला. शेवया शेवटची दोन-तीन मिनिटेच शिजवा. थंड झाल्यावर त्या फुगतात, म्हणून उतरवताना शिरखुर्मा पातळच हवा.

आणि कपड्यांचे. ईदला आपल्याकडचे चांगले, स्वच्छ कपडे घालावेत एवढेच सांगितले आहे. नवे हवेतच असे नाही. विजापूर वेशीतल्या मीना बाजारात मुलांची हौस जरूर करा, पण मोठ्यांच्या कपड्यांसाठी व्याजाने पैसे काढू नका.

मी यंत्रमाग कामगार. बचत काही नाही, वर मालकाची उचल आहे. बायकोचे दीड तोळे सोने आहे. सासरचे म्हणतात, बकरी ईदला बकरा कापलाच पाहिजे. – नई जिंदगी

भाऊ, कुर्बानी माणसागणिक असते, घरागणिक नाही. तुमचा हिशेब वेगळा, पत्नीचा वेगळा. ती कोणावर लागू होते हे ठरवणारी मालमत्तेची मर्यादा म्हणजे निसाब: 612.36 ग्रॅम चांदी किंवा 87.48 ग्रॅम (साडेसात तोळे) सोने. गरजेच्या वस्तू आणि कर्ज वजा करून तुमच्याकडे तेवढे उरत नसेल, तर तुमच्यावर कुर्बानी वाजिब (बंधनकारक) नाही.

पत्नीच्या बाबतीत मात्र पुष्कळ घरांत चूक होते. तिच्याकडे फक्त सोनेच असेल तर साडेसात तोळ्यांची मर्यादा लागते. पण सोबत तिचे चांदीचे पैंजण किंवा शिल्लक रोकड असेल, तर सगळ्याची किंमत एकत्र धरून चांदीच्या निसाबाशी ताडतात. त्या दिवसाचा चांदीचा ग्रॅमचा भाव गुणिले 612.36 करून पाहा. दीड तोळे सोने बहुधा त्याच्या वर जाईल, आणि तुमची उचल तिच्या सोन्यातून वजा होत नाही.

तरीही बकराच हवा असे नाही. मोठ्या जनावरात सात हिस्से असतात आणि तिच्या नावाचा एक हिस्सा पुरेसा होतो. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे हिस्सा घ्यायचा तो रेड्यात किंवा म्हशीत, दोन वर्षे पूर्ण झालेल्या, आणि तोही परवानगीच्या जागीच. मटण सातही जणांना तराजूने वाटले गेले पाहिजे, अंदाजाने नाही.

बकराच घ्यायचा ठरला तर वर्ष पूर्ण झालेला हवा; दोन दात आलेत का पाहा. उस्मानाबादी बकरा जिवंत 30 किलो भरला तर मटण 13 ते 15 किलो पडते, म्हणून भाव करताना मटणाच्या वजनाने भागा. वजन सकाळी, चारापाण्याआधी करून घ्या. मिठाचा चारा देऊन भरपूर पाणी पाजले की काटा दोन-तीन किलोंनी फुगतो.

कामगाराची थकलेली उचल माफ करून ती माझ्या जकातीत (वर्षाच्या बंधनकारक दानात) धरू का? – कारखानदार, अक्कलकोट रोड

नाही. नुसत्या माफीने जकात अदा होत नाही, ती रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. कामगार जकातीला पात्र असेल तर आधी रोख रक्कम त्याच्या हातात द्या. मग त्याने स्वखुशीने उचल फेडली तर घ्या. देण्याआधी परतीची अट मात्र घालू नका. त्या पैशांनी त्याला घरभाडे भरायचे असेल, तर तो त्याचा हक्क आहे. पगार, बोनस किंवा जादा पाळीचा मोबदलाही जकातीत मोजता येत नाही, कारण ते तुमच्याकडचे त्याचे येणेच आहे.

जकातीला साल पूर्ण व्हावे लागते, पण आगाऊ दिली तरी चालते. रमजानच्या पहिल्या आठवड्यात द्या. सत्ताविसाव्या रात्री मिळालेल्या पैशांत किराणा येतो, पण तोवर सावकाराकडून घेतलेली रक्कम टळत नाही.

सख्खी बहीण अडचणीत आहे. तिला जकात चालेल का? तिला सांगावे लागेल का? फित्रा (रमजान ईदचे दान) किती द्यायचा? – शिक्षक, शास्त्री नगर

ती पात्र असेल तर चालते. आईवडील, मुले, नातवंडे आणि जोडीदार यांना मात्र देता येत नाही. सांगण्याची गरज नाही. तुमच्या मनात नियत असली की पुरे, ईदी म्हणून दिली तरी अदा होते आणि तिची मान खाली जात नाही.

फित्रा माणशी गव्हाच्या हिशेबाने, मसलकाप्रमाणे (आपापल्या परंपरेप्रमाणे) 1 किलो 633 ग्रॅम ते 2 किलो 45 ग्रॅम, किंवा तेवढ्याची किंमत. ऐपत असेल तर खजूर किंवा मनुक्यांच्या हिशेबाने द्या. माप दुप्पट आणि किंमत कितीतरी जास्त होते. ईदच्या नमाजाआधी देणे जरुरीचे, पण विसाव्या रोज्यालाच पोचवला तर बहिणीला मुलांचे कपडे वेळेत शिवून मिळतील.