महिला आशिया कप बास्केटबॉलमध्ये भारत कायम तळाला का? उंची कमी पडते म्हणून का?

उंचीचं नाव काढलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्नाखाली तुम्ही हेही विचारलंय की मुलगी सातवीत आहे, घरात सगळे बुटके, तर तिला बास्केटबॉलला घालावं का. त्यावर शेवटी येते.

माझी उंची पाच फूट दोन इंच. पॉइंट गार्ड खेळायचे, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी; विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले. राज्याच्या ट्रायलला एका निवडकर्त्याने माझ्या हातात बॉल येण्याआधीच सांगून टाकलं, "बेटा, खो-खो बघ." ते एकवेळ सोडून दिलं असतं. पण लग्न होऊन गेले तर तिथे मोठे भाऊजी! दर दिवाळीला फराळाचं ताट पुढे आलं की सुरू: "आपल्या लोकांची हाडंच तेवढी. हा खेळ आपला नव्हेच."

2017 साली महिला आशिया कप बेंगळुरूला झाला. भाऊजी तेव्हा तिथेच नोकरीला होते आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मी म्हटलं, चला कंठीरवा स्टेडियमला, डोळ्यांनी बघा. 29 जुलै, शनिवार. भारत तेव्हा डिव्हिजन बीमध्ये होता आणि फायनल कझाकस्तानशी होती. जिंकणारा संघ वर डिव्हिजन एमध्ये जाणार. अनिता पॉल दुराई, आपल्या पुण्याची शिरीन लिमये, जीना, ग्रिमा मर्लिन अशी सगळी फळी. समोरच्या पोरी धिप्पाड. भाऊजी वॉर्म-अप बघूनच म्हणाले, "वीस गुणांनी हरणार." मी उत्तर दिलं नाही. शेवटच्या मिनिटांत मात्र ह्यांचा हात इतका आवळून धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दाखवून टोमणे ऐकवले मला. 75-73. दोन गुणांनी जिंकलो! शेजारी कोण बसलंय हे न बघता लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. भाऊजींचं म्हणणं काय? "कझाकस्तान म्हणजे कुठला मोठा संघ?"

त्याच दिवशी डिव्हिजन एची फायनल होती, जपान विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्या वर्षी पहिल्यांदाच आशियाच्या स्पर्धेत उतरले होते. भाऊजींनी अर्थातच ऑस्ट्रेलियाची बाजू घेतली, कारण उंची. जपान जिंकलं, 74-73. यावर म्हणे, "एका गुणाचं काय, नशीब."

मग घ्या हे नशीब. जपानच्या बायका 2013 पासून 2021 पर्यंत लागोपाठ पाच वेळा हा कप जिंकल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं, तेही स्पर्धेतल्या सगळ्यात बुटक्या संघांपैकी एक असताना. त्यांची गार्ड रुई माचिदा 162 सेंटिमीटरची, म्हणजे माझ्याहून जेमतेम दोन बोटं उंच. सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध तिने 18 असिस्ट दिले, म्हणजे 18 वेळा तिच्या पासवर दुसरीने बास्केट केली, आणि तो ऑलिंपिक विक्रम ठरला. त्यांचे कोच टॉम होव्हास यांनी रिंगखाली धक्काबुक्की करायचा नादच सोडला होता. पाचही जणी बाहेर पसरायच्या, पळायच्या, आणि जागा मिळेल तिथून थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, मारायच्या. तुमची रिंगखाली उभी राहणारी सहा फुटी सेंटर तिथवर धावत येईपर्यंत बॉल हातातून सुटलेला असतो.

आता आपलं. आपण तळाला का, तर आपण खेळतोच किती? जपानमध्ये बायकांची लीग आहे. फुजित्सू, टोयोटा, एनिऑस अशा कंपन्यांचे संघ आहेत, हंगामभर सामने असतात. माचिदा फुजित्सूचीच. आपल्याकडे चांगल्या मुलीला रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागते आणि राष्ट्रीय स्पर्धांना रेल्वेचाच दबदबा असतो. नोकरी मिळते हे उत्तमच, कित्येक घरं त्यावर उभी राहिली. पण नोकरी म्हणजे लीग नव्हे. पुरुषांना निदान आशिया कपच्या पात्रतेसाठी घरच्या आणि परक्या कोर्टवर सामने खेळायला मिळतात, बायकांना तेही नाही. शिबिर लावायचं, विमानात बसवायचं आणि थेट जपान-कोरियासमोर उभं करायचं. व्हायचं तेच झालं. 2019 ला पुन्हा बेंगळुरूतच आपण आठ संघांत आठवे. 2021 ला जॉर्डनच्या अम्मानमध्ये जपानने आपल्यावर शंभराहून जास्त गुण टाकले, आपण पुन्हा आठवे, आणि परत डिव्हिजन बीमध्ये. 2017 ची ती संध्याकाळ अशी वाया घालवली आपण, आणि वर खापर फोडायचं पोरींच्या हाडांवर!

हां, उंचीचा काहीच फरक पडत नाही असं कोणी समजू नका. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल रिंगखाली झेलायला, पडतो, आणि चांगलाच पडतो. जपानकडेही रामू तोकाशिकी होतीच, 193 सेंटिमीटरची; दुखापतीमुळे ती टोकियोला नव्हती एवढंच. आणि 2023 ला सिडनीत चीनने जपानला फायनलमध्ये हरवलं, 73-71, तेव्हा चीनकडे दोन मीटरच्या वरची सेंटर होती. भाऊजींनी मला त्या रात्री अकरा वाजता मेसेज केला होता, नुसता स्कोअर. पण दोन गुणांनीच ना? चार इंच, सहा इंच कमी असून दोन गुणांनी.

तर मुलीचं. घाला. आजच घाला. सातवीतल्या पोरीची उंची किती होणार हे कुणालाच कळत नाही, आणि नाही वाढली तर गार्ड होईल. कोच निवडताना एकच बघा: तो बुटक्या मुलींच्या हातात बॉल देतो, की त्यांना बाकावर बसवून पाण्याच्या बाटल्या भरायला लावतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर फी भरली असली तरी काढून घ्या. डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, आत्ताच पक्कं करून घ्या, मोठेपणी ते फार जड जातं. आणि घरात कोणी हाडांवर प्रवचन द्यायला लागलं तर त्यांना सांगा, आधी फ्री थ्रो लाइनवरून दहापैकी पाच टाकून दाखवा. आमच्या भाऊजींचा एकही गेला नव्हता.