रहस्यकथा लिहिताना खुनाची पद्धत कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की ही तुमची पहिलीच रहस्यकथा आहे. कोकणातलं जुनं घर, श्रावणातला पाऊस, एकटे राहणारे काका आणि त्यांचा खून. आणि तुम्हाला हवी आहे 'पोलिसांना अजिबात पत्ता लागणार नाही अशी' पद्धत. आधी ती शेवटची अट खोडून टाका. पत्ता लागलाच नाही तर शेवटच्या दहा पानांत तुम्ही काय लिहिणार?

थट्टा करत नाहीये, मीही याच खड्ड्यात पडलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिली होती. त्यात एक विष होतं. रंग नाही, वास नाही, चव नाही, तपासणीत सापडत नाही. नावही मीच ठेवलेलं, जरा लॅटिन वाटेल असं. अंकाकडे पाठवण्याआधी शेजारच्या निवृत्त फौजदारकाकांना वाचायला दिली. त्यांनी चहा संपवला, कागद पालथे घातले आणि एवढंच विचारलं, "ह्यानं हे आणलं कुठनं? हा तर पोस्टात आहे ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कथा अजून ट्रंकेत आहे. पण तेव्हापासून एक सवय लागली. खून कसा झाला हे लिहिण्याआधी मी त्या वस्तूची खरेदी लिहून काढतो. ती कुणाकडून आली, आणताना कुणी पाहिलं, काय थाप मारली, उरलेली कुठं लपवली. यातलं निम्मं कथेत येतही नाही, पण बहुतेक वेळा कथानक तिथंच सापडतं.

खऱ्या खटल्यांमध्ये हे फार छान दिसतं. पाकुड खटला घ्या. पाकुड आज झारखंडात आहे, तेव्हा तिथं मोठी जमीनदारी होती. तिचा तरुण वारस अमरेंद्रचंद्र पांडे 26 नोव्हेंबर 1933 रोजी हावडा स्टेशनात गाडी पकडायला गेला. गर्दीत एक अनोळखी माणूस त्याला घासून गेला आणि दंडाला काहीतरी टोचलं. 4 डिसेंबरला तो मेला. रक्ताच्या तपासणीत निघाले प्लेगचे जंतू, तेही कलकत्त्यात प्लेगची साथ नसताना! कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण 'काहीही हं' म्हणून पान उलटलं असतं.

पण टोचणारा माणूस बाजूला ठेवा. ते जंतू आले कुठून ते बघा. मुंबईहून. सावत्र भाऊ विनयेंद्र आणि त्याचा साथीदार डॉक्टर तारानाथ भट्टाचार्य यांनी आधी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे जंतूंची मागणी केली. सरकारी परवानगीशिवाय मिळणार नाहीत, असं उत्तर आलं. मग मुंबईच्या फेऱ्या, ओळखीपाळखी, संशोधनाचा बहाणा, असं करत करत प्रकरण आर्थर रोडच्या साथरोगांच्या इस्पितळापर्यंत पोचलं. या सगळ्याच्या तारा आणि पत्रव्यवहार मागे राहिला, माणसं मागे राहिली. सेशन्स कोर्टानं दोघांना फाशी सुनावली, 1936 मध्ये हायकोर्टानं ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली. एवढी डोकेबाज पद्धत, आणि तिच्यासाठी जितक्यांच्या दारात जावं लागलं तितके साक्षीदार तयार झाले. मी ही गोष्ट कादंबरीत लिहिली तर हावड्याची गर्दी दोन पानांत उरकेन आणि मुंबईवर शंभर पानं खर्च करेन.

याच्या अगदी उलटा खटला आपल्या पुण्याचा. नोव्हेंबर 1956. डॉ. अनंत चिंतामण लागू हे लक्ष्मीबाई कर्वे या पैसेवाल्या विधवा बाईंना घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले. बाईंना मधुमेह होता. सकाळी त्या बेशुद्धावस्थेत जी. टी. हॉस्पिटलात दाखल झाल्या आणि काही तासांत वारल्या. पुढं शवविच्छेदन झालं, व्हिसेरा (तपासणीसाठी काढून ठेवलेले पोटातले अवयव) तपासला गेला. विष सापडलंच नाही. म्हणजे तुमची 'पत्ता लागणार नाही' वाली अट इथं अक्षरशः पुरी झाली होती.

तरीही सुप्रीम कोर्टानं लागूंची फाशी कायम ठेवली. (तीनपैकी एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, त्यांचा निकालही जरूर वाचा.) कारण बाकीचं सगळं बोलत होतं. हॉस्पिटलात बाईंचं नाव भलतंच सांगितलं होतं. मृत्यूची बातमी नातेवाइकांना कळवली नव्हती. बाईंच्या मालमत्तेला पाय फुटत होते. आणि कळस म्हणजे बाई मेल्यानंतर त्यांच्या नावानं पत्रं येत होती, की मी पुन्हा लग्न केलंय, माझी काळजी करू नका. रहस्यकथा लिहिणाऱ्यानं हा निकाल वहीत उतरवून ठेवावा असा आहे. ती पत्रं लिहायला बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. विष कुठलं होतं याची उत्सुकताच उरत नाही.

अद्भुत विषांचा जमाना तसाही सरला. 1836 मध्ये जेम्स मार्शनं आर्सेनिक हुडकण्याची चाचणी जाहीर केली तेव्हापासून तो उताराला लागला. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं (स्वतः रहस्यकथा लिहायचा) लेखकांसाठी दहा नियम केले, त्यातला एक असाच होता : आजवर माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा द्यावा लागेल असं यंत्रही नाही. अगाथा ख्रिस्ती विषं भरपूर वापरायची, पण ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम केलेली बाई. तिला बाटल्या हाताळून माहीत होत्या. तुम्ही काय हाताळलंय? बँकेत असाल तर लॉकर, शेतकऱ्याच्या घरातले असाल तर गोठा आणि पंपघर. तिथून सुरुवात करा. आणि आजची कथा असेल तर लक्षात ठेवा, खुन्यानं साधी दोरी घेतली तरी दुकानाच्या कॅमेऱ्यात चेहरा राहतो आणि यूपीआयवर नोंद. हा अडथळा समजू नका, हाच मालमसाला आहे.

पोलिसांचंही थोडं नीट घ्या. आपल्याकडच्या कथांमध्ये इन्स्पेक्टर प्रेत बघताक्षणी 'हा खून आहे' म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेमचा अहवाल येतो, व्हिसेरा राखून ठेवलेला असेल तर त्याच्या अहवालाला आणखी वेळ लागतो. हा मधला काळ लेखकाला फुकट मिळालेला आहे. तेरावं होतं, मंडळी वाटण्यांवर बोलायला लागतात, आणि अजून कुणालाच माहीत नसतं की तो खून होता.

आता तुमचे काका. मी असतो तर विष, पिस्तूल, काही घेतलं नसतं. कोकणातलं घर म्हटलं की मागे विहीर आली, जांभ्याच्या पायऱ्या आल्या, श्रावणात त्यांच्यावर शेवाळ आलं. म्हातारा माणूस रात्री बॅटरी घेऊन गेला, पाय घसरला, पडला. गाव दोन दिवस हळहळेल. खुनी कोण ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण मुंबईहून आलेला पुतण्या घ्या, सोयीचा आहे. त्यानं सगळं नीट मांडलंय. बॅटरी काठावर, कळशी पालथी, आणि देखावा पुरा व्हावा म्हणून काकांच्या वहाणा पायरीवर. दारामागच्या फळीवर दिसल्या त्या उचलून आणल्या.

चामड्याच्या वहाणा! मिरगाआधी पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेल्या. पावसात काका रबरी चपला घालतात, त्या अजून पडवीत आहेत. पंचनाम्यात 'चामडी वहाणा, एक जोड' असं लिहिलं जाईल आणि कुणाचं लक्षही जाणार नाही. लक्ष जाईल ते धुणं-भांडी करायला येणाऱ्या बाईंचं, पण त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. त्यांना कितव्या पानावर बोलतं करायचं, तेवढं तुम्ही ठरवा.