हेडफोनचा आवाज सुधारायला महाग डॅक घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की 32 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) वायरवाले हेडफोन घेतलेत, फोनला जॅक नाही म्हणून लॅपटॉपला लावता, मागं बारीक गुणगुण ऐकू येते आणि दुकानदार पंधरा हजारांचा डॅक-ॲम्प (फाईलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारा डॅक आणि त्याला जोर देणारा ॲम्प, एकाच यंत्रात) घ्या म्हणतोय. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. मीही कोल्हापूरचाच, राजारामपुरीतला, आणि माझंही ऐकणं हेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पंधरा हजार आत्ता घालू नका.

आवाज कसा लागणार हे सगळ्यात जास्त हेडफोन ठरवतो आणि त्याच्या खालोखाल मूळ ध्वनिमुद्रण. मधल्या डॅक-ॲम्पचं काम एवढंच, की आलेला सिग्नल न बिघडवता पुरेशा जोरानं पुढं पाठवायचा. हे काम आजकाल हजार-दोन हजारांचा चांगला यूएसबी-सी डोंगलसुद्धा, म्हणजे पोर्टात खोचून हेडफोनचा जॅक देणारा छोटा तुकडासुद्धा, चोख करतो. जोर पुरेल का, तर हिशेब करून बघा. 32 ओहमच्या बऱ्याच हेडफोनांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत किती मोठा आवाज निघतो ते, एका मिलिवॉटला 100 डेसिबलच्या आसपास असते. डोंगलनं 1 व्होल्ट दिला की 31 मिलिवॉट होतात, म्हणजे साधारण 115 डेसिबल. एवढ्या आवाजात कोणी गाणं ऐकत नाही, ऐकूही नये, कान कायमचे जातील. वेगळा ॲम्प लागतो तो 300 ओहमच्या सेनहायझर एचडी 600 सारख्यांना किंवा कमी सेन्सिटिव्हिटीच्या प्लॅनर (पातळ सपाट पडद्याच्या) हेडफोनांना. तुमच्याकडं ते नाहीत.

डोंगल घेताना एकच खबरदारी. दुकानात दिसायला अगदी सारखे दोन प्रकार मिळतात. एकात स्वतःचा डॅक असतो, दुसऱ्यात नुसती तार. नुसत्या तारेचा डोंगल फोन स्वतः त्या पोर्टमधून ॲनालॉग, म्हणजे आधीच डॅकमधून गेलेला, आवाज सोडत असेल तरच चालतो, नाहीतर शांतता. त्यामुळं ‘आत डॅक आहे का’ असं स्पष्ट विचारा आणि स्वतःचा फोन लावूनच घ्या. ॲपलचा डोंगल आवाजाला उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज फार हळू येतो. फोन अँड्रॉइड असेल तर दुसरा बघा. आउटपुट इम्पिडन्स (डोंगलचा स्वतःचा अडथळा) छापलेला असेल तर तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा, म्हणजे तुमच्यासाठी 4 ओहमच्या आत. चांगल्या डोंगलांचा एक-दोन ओहमच असतो.

आता गुणगुण. चार्जर काढा आणि तेच गाणं नुसत्या बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर हेडफोन निर्दोष आहे, गोंगाट विजेच्या बाजूनं येतोय. दोन पिनचा चार्जर, घराचं अर्थिंग नावापुरतं, किंवा लाईट गेल्यावर चालणारा स्क्वेअर वेव्हचा (ओबडधोबड लहरींची वीज देणारा) जुना इन्व्हर्टर, यांतलं काहीतरी सापडेल. चार्जर काढूनही बारीक सूं चालूच राहिली तर ती लॅपटॉपच्या आतल्या ऑडिओ सर्किटची. तिथं डोंगल लगेच उपयोगी पडतो, कारण सिग्नल त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर ॲनालॉग होतो.

यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे तुम्ही नक्की काय वाजवताय. आपल्या संगीतात याची उत्तम परीक्षा तंबोरा घेतो. ख्यालाच्या मुद्रणात सुरुवातीला थोडा वेळ नुसते तंबोरे वाजतात, तेवढाच तुकडा घ्या. चांगल्या जवारीचा (घोडीवर तार टेकण्याच्या जागेमुळं येणाऱ्या झंकाराचा) मिरजेचा तंबोरा असेल तर खर्जाच्या तारेतून वरचे स्वयंभू स्वर एकेक करून उलगडताना ऐकू येतात. हीच फाईल फार दाबलेली असेल, जुन्या 64 केबीपीएसच्या (सेकंदाला किती माहिती जाते त्याचा दर) एमपी3 सारखी, तर ती वरची झिलई पाण्याखालून आल्यासारखी लडबडते आणि दोन तंबोरे वेगळे ओळखता येत नाहीत. 320 केबीपीएसच्या एमपी3 चा मूळ मुद्रणाशी फरक बहुतेकांना ओळखू येत नाही, मलाही खात्रीनं सांगता येत नाही. सीडीचा दर 1411 केबीपीएस. फ्लॅक या प्रकारच्या फाईलमध्ये तीच माहिती काहीही न गमावता, म्हणजे लॉसलेस, कमी जागेत मावते. सीडीपेक्षाही वरच्या दर्जाच्या, 24 बिट, 192 किलोहर्ट्झ असे आकडे मिरवणाऱ्या ‘हाय-रेझ’ फाईलींसाठी जादा पैसे मोजू नका.

जुन्या मुद्रणांत तर आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. ज्या अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापूर दरबारी आश्रय दिला, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. त्यांचं बरंचसं गाणं आपल्यापर्यंत आलं ते 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणं, आणि फार वरच्या कंपनसंख्या मुळात मुद्रितच झालेल्या नाहीत. अशा तबकडीची हाय-रेझ फाईल घेतली म्हणून जे कोरलंच गेलं नाही ते येणार कुठून? फरक पडतो तो तबकडीवरून उतरवून घेणाऱ्याच्या हाताचा. एकच बंदिश दोन-तीन संग्रहांत सापडते. एकात खरखर पार पुसलेली, पण तिच्याबरोबर श्वास, आ-काराची धार आणि तंबोऱ्याची आसही पुसली गेलेली. दुसऱ्यात खरखर तशीच, पण बाई समोर बसून गातायत. मी दरवेळी दुसरीच निवडतो, आणि तुम्हीही दोन्ही शोधून ऐका. या शोधानं जेवढा फरक पडेल, तेवढा कुठलाही डॅक पाडणार नाही.

सेटिंगांतही पैसे न घालता बरंच मिळतं. स्ट्रीमिंग ॲपमध्ये दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असतो, तो सगळ्यात वरचा करा. फोनमधला डॉल्बी आणि विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट बंद ठेवा. कधी ब्लूटूथवर ऐकलंत तर लक्षात असू द्या की साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) 328 केबीपीएसच्या आसपास थांबतो आणि सोनीचा एलडॅक 990 पर्यंत जातो, म्हणजे लॉसलेसचे पैसे भरूनही या दोन्हींवर ते पूर्ण पोचत नाही. आणि लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला की सगळा आवाज फोन कॉलसारखा चपटा होतो. ते हेडफोन खराब झाल्याचं लक्षण नव्हे, माईक वापरणारं ॲप बंद केलं की पूर्ववत होतं.

दुकानात दोन यंत्रं लावून ‘बघा किती फरक’ म्हणतात तेव्हा आधी दोन्हींचा आवाज समान करायला लावा. एखादं डेसिबल जरी जास्त असलं तरी कानाला तेच सरस वाटतं, सगळ्यांनाच. मग तुम्ही पाठ करून बसा आणि मित्राला न सांगता अदलाबदल करू द्या. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलंत तर खुशाल घ्या तो पंधरा हजारांचा. नाहीतर डोंगल घेऊन उरलेल्या पैशात पुढं कधीतरी आणखी चांगला हेडफोन येईल. तुमच्या आत्ताच्या हेडफोनचं मॉडेल खाली लिहा, त्याला कुठला डोंगल जुळेल ते सांगतो.