अमेरिकेतल्या आयोवा-इलिनॉय राज्यांमध्ये मका आणि सोयाबीन एकाच वर्षात, एकाच शेतात घेतात का?

नाही. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते, त्यामुळे रब्बीसारखं दुसरं पीक सहसा घेत नाहीत. यंदा मका, तर पुढच्या वर्षी बहुधा त्याच रानात सोयाबीन, अशी फेरपालट चालते. सोयाबीनच्या बेवडावर, म्हणजे आधी सोयाबीन घेतलेल्या रानात, मक्याला नत्रखत कमी लागतं आणि उताराही चांगला मिळतो.

जमीन साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की मक्याची पेरणी सुरू होते, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत. सोयाबीनही त्याच सुमारास किंवा थोडं मागून. उशीर झाला की उत्पादन घटतं, म्हणून वापसा (जमिनीत पेरणीजोगी ओल) येताच रात्रीसुद्धा पेरणीयंत्रं चालू असतात.

खरी कसोटी जुलैत. मक्याला तुरा येतो, कणसाला केस फुटतात. एकेक केस एकेका दाण्याचा. त्यावर पराग पडला नाही तर ती जागा रिकामीच राहते. बहुतेक शेती पावसावरची, त्यामुळे नेमक्या याच दिवसांत पाऊस दडला तर मोठं नुकसान होतं. सोयाबीनच्या शेंगा भरायला ऑगस्टचा पाऊस लागतो.

काढणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. सोयाबीन पानं झडल्यावर, १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना काढतात. मका मात्र बरेचदा २० ते २५ टक्के ओलाव्यावरच काढून गॅसच्या ड्रायरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत वाळवतात. वाळेपर्यंत थांबलं तर ताटं लोळण्याची भीती असते.