अर्थशास्त्र करायचंय? मग गणित सोडू नका

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली, हुशार. आता ती म्हणते, डॉक्टर-इंजिनिअर नको; पगार, भाववाढ आणि तेजी-मंदी यांवर संशोधन करणारी अर्थशास्त्रज्ञ व्हायचंय. वडिलांचे प्रश्न असे : बारावीनंतर तिला आर्ट्सला घालायचं का? यात संशोधन करण्यासारखं नेमकं काय असतं? पोट भरतं का? पीएचडी होईपर्यंत तिशी उलटेल, मग पुढचं काय? आणि यूपीएससीच्या क्लासला आत्तापासूनच नाव घालू का?)

नमस्कार सर,

आर्ट्सचा प्रश्न आधी मिटवू, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. आपल्याकडे तालुक्याच्या बहुतेक कॉलेजांत बी.ए. अर्थशास्त्राला गणित नावापुरतंच असतं. व्याख्या, वैशिष्ट्यं, गुण-दोष लिहून पहिला वर्ग मिळतो आणि एम.ए.च्या चांगल्या प्रवेश परीक्षेत पहिल्याच पानावर मुलं अडतात. पोरं हुशार असतात, पण तीन वर्षं त्यांनी डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे बदलाचा दर काढायच्या गणिताचं, तोंड पाहिलेलं नसतं. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीचं गणित लागतंच, नाव 'आर्ट्स'चं असलं तरी. तेव्हा तुमच्या लेकीनं सायन्स घेऊन चूक केली असं अजिबात समजू नका. जीवशास्त्र सुटलं तरी चालेल. गणित सुटता कामा नये.

आता संशोधन काय असतं ते. तुमच्याच पगारपत्रकात महागाई भत्त्याची ओळ असते. स्टाफरूममध्ये 'डीए किती वाढला' ही चर्चा तुम्ही जन्मभर ऐकली असेल. तो टक्का येतो कुठून? सिमल्याचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे भाव किती चढले ते सांगणारा आकडा, दर महिन्याला काढतं. देशातल्या ८८ केंद्रांतल्या बाजारांतून त्यासाठी भाव गोळा होतात. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि आपलं सोलापूरही त्यात आहे. बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, ती सातव्या वेतन आयोगानं धरलेल्या २६१.४२ या आकड्याच्या किती टक्के वर आहे ते पाहायचं. केंद्राचा भत्ता तेवढा. मग राज्य सरकार सवडीनं तो लागू करतं, आणि थकबाकीचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ही भाव मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९२१ साली लेबर ऑफिस काढून गिरणी कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात केली होती.

तुमचा पगार असा भावांच्या मागोमाग चालतो, थोडा धापा टाकत का होईना. पण कापड दुकानातल्या नोकराचं काय? शेतमजूर बाईचं काय? मंदी आली की मालक सगळ्यांचा पगार थोडाथोडा कमी का करत नाही, चारदोघांना घरीच का बसवतो? रिझर्व्ह बँकेनं व्याजदर वाढवला तर भाव लगेच का उतरत नाहीत? तुमची मुलगी ज्या विषयाबद्दल बोलते आहे, त्यातले हे रोजचे प्रश्न. ऐकायला साधे वाटतात, पण उत्तरं हाताला लागायला दशकं गेली आहेत.

एक उदाहरण जरा सावकाश सांगतो, तिलाही वाचून दाखवा. एप्रिल २०२०, अमेरिका. टाळेबंदीनं बेकारी एका महिन्यात १४ टक्क्यांच्या वर गेली. आणि त्याच महिन्यात तिथलं सरासरी तासाचं वेतन चार टक्क्यांहून जास्त वाढलं! लाखो लोक रस्त्यावर आलेत आणि पगार वाढतोय? कुणाचाही पगार वाढला नव्हता. समजा एका हॉटेलात चार माणसं आहेत. दोन वेटर तासाला १० डॉलर घेणारे, दोन मॅनेजर ३० डॉलर घेणारे. सरासरी २०. हॉटेल अर्धं बंद झालं, दोन्ही वेटर गेले. उरलेल्यांची सरासरी ३०. कागदावर पन्नास टक्के पगारवाढ! गॅरी सोलन, रॉबर्ट बार्स्की आणि जोनाथन पार्कर या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हाच मुद्दा नीट आकडेवारीनिशी मांडला होता. तीच ती माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवून त्यांचे पगार पाहिले, तर ते तेजी-मंदीबरोबर बरेच खाली-वर होतात. सरासरीत ते लपतं, कारण मंदीत कमी पगाराची माणसं आधी गळतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या काळापासून मंदीत खरं वेतन, म्हणजे भाववाढ वजा जाता उरणारं वेतन, वाढतं की घटतं यावर वाद चालला होता, आणि त्यातला बराच गोंधळ माणसं कशी मोजायची इथेच होता.

हे वाचून तिचे डोळे चमकले तर चांगलं लक्षण. 'एवढंच?' म्हणाली तर तेही कळलेलं बरं.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. सुप्रीत कौर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९५६ ते २००८ या काळातल्या सहाशेवर भारतीय जिल्ह्यांची शेतमजुरी आणि पाऊस शेजारी शेजारी मांडून पाहिला. पाऊस चांगला झाला की मजुरी वाढते, हे तुमच्या गावात कुणीही सांगेल. पण पुढच्या वर्षी पाऊस दगा देतो तेव्हा मजुरी उतरत नाही. ती तिथेच राहते आणि कामाचे दिवस कमी होतात. एकदा वाढवून दिलेला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कमी करायचा हे मालकालाही अवघड जातं आणि मजुराला तर तो अन्याय वाटतो. महागाई जास्त असेल तेव्हा मात्र रुपयातला रोज तोच ठेवूनही खरी मजुरी आपोआप घटते आणि काम तितकंसं तुटत नाही, हेही त्यांनी दाखवलं. अमेरिकेत ट्रुमन ब्यूली या अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेनं सोडवायचा प्रयत्न केला. १९९०च्या सुरुवातीच्या मंदीत त्यांनी तीनशेहून जास्त मालक, व्यवस्थापक, कामगार पुढारी यांना प्रत्यक्ष भेटून विचारलं, 'पगार का कापत नाही?' उत्तर बहुतेकांचं एकच : कापला तर माणसांचं मन कामावरून उठतं. म्हणजे या विषयात समीकरणं आहेत, तशी समोर बसून ऐकायची कामंही आहेत.

किमतींच्या बाजूचं काम आणखी चिकाटीचं. एमी नाकामुरा आणि जॉन स्टाइन्सन या अर्थशास्त्रज्ञांना १९७०च्या दशकाअखेरच्या अमेरिकन महागाईत दुकानदार भाव किती वेळा बदलत होते ते पाहायचं होतं. आकडे होते, पण सरकारी खात्यातल्या जुन्या मायक्रोफिल्मवर, म्हणजे कागदांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मवर. त्या फिल्म वाचून, स्कॅन करून, त्यातून आकडे उतरवून घेणं हेच वर्षानुवर्षांचं काम झालं. नाकामुरांना २०१९ मध्ये जॉन बेट्स क्लार्क पदक हा अमेरिकेतल्या तरुण अर्थशास्त्रज्ञांसाठीचा मोठा मान मिळाला, पदक फोटोत छान दिसतं. त्यामागे जे आहे ते असं : खराब झालेल्या नोंदी, न जुळणाऱ्या तारखा, आणि हजारो ओळींचा कोड. पदकाकडे बघून या वाटेला येणाऱ्यांना मी आधी हे सांगतो.

इंजिनिअरिंग सोडल्याची तुम्हाला खंत वाटते असं पत्रातून जाणवलं. म्हणून बिल फिलिप्सबद्दल सांगतो. न्यूझीलंडचा हा माणूस मुळात विजेचा इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेला. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला आणि १९४९ मध्ये टाक्या, नळ्या आणि रंगीत पाणी वापरून त्यानं अख्ख्या अर्थव्यवस्थेचं चालतं यंत्र बनवलं. १९५८ मध्ये त्यानं ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या जवळजवळ शंभर वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं, की बेकारी कमी असते तेव्हा वेतन झपाट्यानं वाढतं. हीच ती फिलिप्स वक्ररेषा. तिच्या जिवावर पुढे काही सरकारांनी थोडी महागाई सोसून बेकारी कमी ठेवू असा हिशेब मांडला. फ्रीडमन आणि फेल्प्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी साठच्या दशकाअखेरीस बजावलं, की लोक महागाई गृहीत धरायला लागले की हा हिशेब फसेल. सत्तरच्या दशकात महागाई आणि बेकारी दोन्ही एकदमच चढली. ही भांडणं अजून पूर्ण मिटलेली नाहीत, आणि तुमच्या मुलीला काम उरलं आहे ते त्यामुळेच.

आणि हा विषय परका आहे असं कुणी म्हणालं तर सांगा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला छापला गेला, आणि त्यात रुपयाचं मूल्य सोन्याशी स्थिर ठेवायचं की वस्तूंच्या भावांशी, यावर त्यांनी खुद्द केन्सच्या मताशी वाद घातला आहे.

आता अभ्यासक्रम. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासूनची. तिथे अर्थशास्त्रात बी.एस्सी. करता येतं. आयआयटी मुंबईत अर्थशास्त्राची पदवी आहे, पण वाट जेईई अॅडव्हान्स्डमधून जाते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा कोलकात्याचा बी.स्टॅट., म्हणजे संख्याशास्त्राची पदवी, अवघड, पण पुढे संशोधनाला जायचं तर माझ्या मते त्याहून भक्कम पाया सापडणं कठीण. यातलं काहीच जमलं नाही तर? पुणे-मुंबईच्या एखाद्या चांगल्या कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी., सोबत अर्थशास्त्राचे जेवढे पेपर मिळतील तेवढे. बिनगणिताच्या बी.ए.पेक्षा मला हे कधीही जास्त पटतं. प्रवेशाचे नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या संस्थेचं या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

खरी निवड एम.ए.-एम.एस्सी.ला होते. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये स्थापली, तिथे एम.एस्सी. आणि पीएचडी दोन्ही आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा कोर्स हेही याच तोडीचे. परदेशात पीएचडी करायची तर तिथे आधी रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी हे गणिताचे विषय किती झाले ते विचारतात. अर्थशास्त्र किती झालं, हा नंतरचा प्रश्न.

पोटापाण्याचं सांगतो. एम.ए. झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागात ग्रेड बी अधिकारी म्हणून थेट भरती असते. यूपीएससी इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची वेगळी परीक्षा घेते. जागा मात्र कधी कधी वीसच्या आत असतात, त्यामुळे त्या एकाच नावावर घर बांधू नका. बँका, रेटिंग कंपन्या, म्युच्युअल फंड, सल्लागार संस्था यांना आकडे नीट वाचणारी माणसं लागतात, आणि तिथला पहिला पगार तुमच्या-माझ्या पहिल्या पगाराशी ताडून पाहू नका, वाईट वाटेल. पीएचडीला नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, असेल तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० विद्यावेतन आहे, घरभाडं वेगळं. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, पण पाच-सहा वर्षं जातात. कर्ज काढून पीएचडी करायची वेळ आली तर ती जागा सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिशीबद्दल. हो, पीएचडी संपेपर्यंत तिशी गाठलेली असेल. पण तो निर्णय आज घ्यायचा नाहीये. आज घ्यायचा आहे तो पदवीचा. एम.एस्सी.नंतर तिला संशोधनाचा कंटाळा आला तर तिच्या हातात नोकरी लागेल असं शिक्षण असेल, आणि नाही आला तर पीएचडीची वाटही मोकळी असेल. लग्नाचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच काढलाय. तो तिच्याशी बोला, माझ्याशी नको.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत तिला एक काम द्या. तुमची गेल्या दहा-पंधरा वर्षांची पगारपत्रकं फाईलला असतीलच. लेबर ब्युरोच्या संकेतस्थळावरून निर्देशांक उतरवून घेऊ दे आणि तुमचा खरा पगार, म्हणजे भाववाढ वजा जाता, किती वाढला ते काढू दे. सप्टेंबर २०२०ला ती अडेल. सव्वातीनशेच्या पुढे गेलेला निर्देशांक तिथे एकदम ११८ वर आलेला दिसेल. भाव कोसळलेले नाहीत. पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे भाव १०० धरतात ते, २००१ बदलून २०१६ केलं आहे, आणि जुन्या मालिकेला नवी जोडायची तर २.८८ नं गुणावं लागतं. हे तिला सांगू नका. तिचं तिला शोधू दे. त्यानंतर त्याच ब्युरोच्या ग्रामीण मजुरीच्या आकड्यांतून महाराष्ट्रातल्या शेतमजूर बायांचा रोज घेऊन तो तुमच्या पगाराशेजारी मांडायचा. दोन रेषा कुठे लांब जातात, कुठे जवळ येतात आणि का, यावर तिनं दोन पानं लिहावीत, मराठीत लिहिली तरी उत्तम. जमलं तर मला पाठवा, मी वाचीन.

राहिला क्लास. यूपीएससीच्या क्लासला आत्ता नाव घालू नका. ते पैसे राखून ठेवा आणि तिला एक बरा लॅपटॉप घेऊन द्या. आकडेवारीच्या कामाच्या आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषा त्यावर फुकट चालतात.

आपला,
करिअर मार्गदर्शक