स्कॅनर ठणठणीत, सॉफ्टवेअर बंद: अपग्रेडचे पैसे भरावेत का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: निगेटिव्ह स्कॅनर उत्तम चालतोय, पण नवा मॅक घेतल्यापासून त्याच्यासोबत मिळालेलं सॉफ्टवेअर उघडतच नाही. कंपनी म्हणते नवी आवृत्ती विकत घ्या. घरातल्या दुसऱ्या, फ्लॅटबेड स्कॅनरला ते लायसन्स चालणार नाही, त्याचे पैसे वेगळे. चिडणं साहजिक आहे. पण लगेच कार्ड काढू नका, आणि रागाच्या भरात स्कॅनर विकायलाही काढू नका.

फिल्म स्कॅनरचा धंदा कधीच आटला. असे स्कॅनर बनवणाऱ्या कोनिका मिनोल्टाने 2006 मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसायच सोडला, पुढे निकॉनने आपले कूलस्कॅन हे फिल्म स्कॅनर बंद केले. यंत्रं दणकट होती, ती टिकली. त्यांची सॉफ्टवेअरं मात्र पोरकी झाली. कूलस्कॅनचं सॉफ्टवेअर, निकॉन स्कॅन, 4.0.3 या आवृत्तीपाशी थांबलं, 64 बिट विंडोजसाठी अधिकृतपणे कधी आलंच नाही. लोक अजूनही ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची फाइल) बदलून, ड्रायव्हर अधिकृत आहे का ही विंडोजची सही-तपासणी बंद करून ते चालवतात. मॅकवाल्यांना ती पळवाटही नाही, कारण ऑक्टोबर 2019 मध्ये मॅकओएसची कॅटालिना ही आवृत्ती आली आणि 32 बिट प्रोग्रॅम सरसकट बंद पडले. अशा पोरक्या यंत्रांसाठी मग मुख्यतः दोनच दारं उरतात: जर्मनीतल्या कील शहरातल्या लेसरसॉफ्टचं सिल्व्हरफास्ट, नाहीतर एड हॅमरिक यांनी 1998 मध्ये सुरू केलेलं व्ह्यूस्कॅन.

गिऱ्हाईक मूठभर, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की जुनी यंत्रं पुन्हा जुळवत बसायची. त्यामुळे या लोकांनी पैसे मागण्यात मला काही गैर वाटत नाही. खटकतं ते हे, की बऱ्याचदा आपण नव्या सोयीचे पैसे भरतच नसतो. कालपर्यंत चालत होतं ते उद्याही चालावं, एवढ्याचेच भरतो, आणि जाहिरातीत मात्र नव्या सोयींची यादी असते. म्हणून तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते आधी वेगळं काढा.

हे सॉफ्टवेअर तीन कामं करतं. स्कॅनरशी बोलून सेन्सरने टिपलेलं उतरवून घेतं. निगेटिव्हचा नारिंगी थर वजा करून रंग उलटे करतं. आणि इन्फ्रारेड वाहिनी वापरून धूळ-ओरखडे पुसतं. यातल्या पहिल्या कामाला पर्याय कमी. दुसऱ्याला भरपूर, तेही फुकट: डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये निगाडॉक्टर आहे, तशाच रॉथेरपीमध्येही फिल्म निगेटिव्हचं साधन आहे. निगेटिव्ह लॅब प्रो चांगलं आहे आणि पैसे एकदाच घेतं, पण ते ॲडोबीच्या लाइटरूम या फोटो-प्रोग्रॅमच्या आत चालतं. म्हणजे एक अपग्रेड टाळायला ॲडोबीचं भाडं सुरू करायचं. आधीपासून लाइटरूम वापरत नसाल तर त्या वाटेला जाऊ नका.

तिसरं काम खरं महागडं, आणि तिथेच थोडा विचार करा. ओरखड्यावर इन्फ्रारेड अडतो पण रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यातून आरपार जातो, म्हणून दोष कुठे आहे ते कळतं. साध्या कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीची असते; चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे तिथे ही सोय निरुपयोगी. इलफर्ड एक्सपी२ सारखी रंगीत रसायनात धुतलेली कृष्णधवल फिल्म याला अपवाद. कोडाक्रोम स्लाइडही या तंत्राला त्रास देतात. तुमच्या पेटीत मुख्यतः आजोबांच्या काळातले कृष्णधवल रोल असतील, तर इन्फ्रारेडवाल्या वरच्या आवृत्तीचे पैसे वाया जातील. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ठेवलेल्या रंगीत निगेटिव्हवर बुरशी असेल तर उपयोग होतो, पण तिने इमल्शनच, म्हणजे फिल्मवरचा प्रतिमेचा थरच, खाल्लं असेल तर सॉफ्टवेअर तिथे अंदाजानेच रंग भरतं. चेहऱ्यावर तसं झालं की लगेच दिसतं.

आता माझा खरा सल्ला. जे काही घ्याल त्यातून रॉ स्कॅन काढून ठेवा: उलटे न केलेले, न सुधारलेले, 16 बिटचे, इन्फ्रारेड वाहिनीसकट. सिल्व्हरफास्टमध्ये त्याला एचडीआरआय म्हणतात. व्ह्यूस्कॅनमध्ये रॉ फाइल लिहिण्याचा पर्याय असतो, मात्र त्यासाठी आणि फिल्मसाठी प्रोफेशनल आवृत्तीच लागते. जागा खाते हे खरं. 35 मिमीची चौकट 4000 डीपीआयने घेतली तर साधारण 21 मेगापिक्सेल भरतात. चार वाहिन्या, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एका चौकटीला 170 एमबी आणि 36 चा रोल 6 जीबीच्या वर. तरी हार्ड डिस्क घ्या, कारण स्कॅनिंगमध्ये वेळ जातो तो पट्ट्या पुसून होल्डरमध्ये बसवण्यात. हे काम एकदा झालं की पुढची आवृत्ती किती का महाग होईना, तुम्हाला तिची गरज उरत नाही. रंग नंतर हवे तेव्हा, हव्या त्या प्रोग्रॅममध्ये उलटे करा.

म्हणजे हिशेब असा. दोन-चारशे चौकटी असतील तर जुना लॅपटॉप शोधा, त्यावर जुनं मॅकओएस किंवा विंडोज ठेवा, इंटरनेट तोडा आणि त्याच जुन्या सॉफ्टवेअरवर काम उरका. फुकटात होतं. लिनक्सची भीती नसेल तर सेन (SANE) हे स्कॅनर चालवणारं फुकट सॉफ्टवेअर बघा. कूलस्कॅनच्या बऱ्याच मॉडेलांना त्यात आधार आहे, फक्त दिसायला रुक्ष आहे. पेटारा मोठा असेल आणि दोन स्कॅनर वापरायचे असतील, तर मी व्ह्यूस्कॅन घेईन. सिल्व्हरफास्टचे रंग मला जास्त आवडतात, पण त्याचं लायसन्स स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेलं असतं आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. पैसे युरो-डॉलरमध्ये जातात, वर कार्डाचा मार्कअप (परकी चलनावरचा जादा आकार) लागतो, तोही धरा.

विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती उतरवून एक अख्खी पट्टी स्कॅन करा. व्ह्यूस्कॅनच्या चाचणीत चित्रावर खुणा येतात, पण स्कॅनर ओळखला जातो का, इन्फ्रारेड चालतं का, तिसऱ्या-चौथ्या चौकटीनंतर अडकतं का, हे सगळं कळतं. अपडेट किती काळ मिळणार आणि ती मुदत संपल्यावर घेतलेली आवृत्ती चालू राहणार का, हे विक्रीच्या पानावर वाचा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. अटी बदलतात.

तुम्ही स्कॅनरचं मॉडेल आणि मॅकओएसची आवृत्ती लिहिलेली नाही. ती टाका, आणि यंत्र फायरवायरवालं (जुन्या प्रकारच्या केबल-जोडणीचं) असेल तर तेही सांगा, कारण मग सॉफ्टवेअरच्या आधी जोडणीचाच प्रश्न सोडवावा लागेल.